शाळेतले ‘व्हॅल्यूज सर्व्हे’ आणि पालकांची हरकत : अमेरिकेतल्या मराठी पालकांचे नेहमीचे प्रश्न

अमेरिकेतल्या पब्लिक स्कूलमध्ये मुलं असलेल्या पालकांकडून दर सप्टेंबरमध्ये आणि पुन्हा वसंत सत्रात जे प्रश्न येतात, ते इथे एकत्र केले आहेत. केंद्रीय कायदा सगळीकडे सारखा आहे, पण राज्याराज्यांत बराच फरक पडतो. त्यामुळे आपल्या राज्याबद्दल प्रश्न ११ जरूर वाचा.

१. मुलगी सांगते, वर्गात ‘फीलिंग्जचा फॉर्म’ भरून घेतला. हा नेमका काय प्रकार असतो?

नावावरून काही कळत नाही. स्कूल क्लायमेट सर्व्हे, वेल-बीइंग चेक-इन, एसईएल (सामाजिक-भावनिक शिक्षण) सर्व्हे, यूथ सर्व्हे अशी सौम्य नावं असतात, आत मात्र तीन वेगवेगळ्या गोष्टी निघू शकतात. पहिली, शाळेबद्दलचं मत : वर्गात सुरक्षित वाटतं का, शिक्षक ऐकून घेतात का. दुसरी, मुलाचं वागणं : दारू, व्हेप, लैंगिक संबंध, आत्महत्येचे विचार. तिसरी म्हणजे मूल्यं आणि घर : देव मानता का, घरचे तुझ्याशी कसे वागतात, आयुष्यात तुला काय महत्त्वाचं वाटतं. पहिल्या प्रकाराला कायद्याने हरकत घेण्यासारखं सहसा काही नसतं. दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारातले बरेच प्रश्न संरक्षित विषयांत मोडतात (प्रश्न २). एकाच फॉर्ममध्ये तिन्ही मिसळलेले असतात, म्हणून शीर्षक सोडा आणि प्रश्न वाचा.

२. पालकांना हक्क देणारा कायदा कोणता?

प्रोटेक्शन ऑफ प्युपिल राइट्स अमेंडमेंट, म्हणजे पीपीआरए. मूळ तरतूद १९७४ची. १९७८मध्ये सिनेटर ऑरिन हॅच यांच्या दुरुस्तीने तिला धार आली, म्हणून जुनी माणसं अजून ‘हॅच अमेंडमेंट’ म्हणतात. १९९४मध्ये आणि पुढे ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्याबरोबर तिचा आवाका वाढला. कायद्याने आठ विषय संरक्षित केले आहेत. पत्र लिहिताना हे क्रमांक उपयोगी पडतात :

१) विद्यार्थ्याची किंवा पालकांची राजकीय संलग्नता वा मतं
२) विद्यार्थ्याच्या किंवा कुटुंबाच्या मानसिक अडचणी
३) लैंगिक वर्तन किंवा त्याविषयीचे दृष्टिकोन
४) बेकायदा, समाजविरोधी, स्वतःला गोत्यात आणणारं किंवा कमीपणा आणणारं वर्तन
५) जवळच्या नातलगांबद्दलचं टीकात्मक मूल्यमापन
६) वकील, डॉक्टर, धर्मगुरू यांच्याशी असलेलं कायद्याने गोपनीय मानलेलं नातं
७) विद्यार्थ्याचे किंवा पालकांचे धार्मिक आचार, संलग्नता वा श्रद्धा
८) कौटुंबिक उत्पन्न (एखाद्या योजनेची पात्रता ठरवण्यासाठी कायद्याने लागतं तेवढं सोडून)

‘मूल्यं’ हा शब्द या यादीत कुठेच नाही, आणि नेमकं तिथेच बरेच पालक अडखळतात. “आमच्या मूल्यांविरुद्ध आहे” एवढंच लिहिलं तर शाळा सहज हात झटकते. “सर्व्हेतले प्रश्न १४ आणि १५ हे धार्मिक श्रद्धा या सातव्या विषयात येतात” असं लिहिलं की उत्तर द्यावंच लागतं.

३. आमची लेखी परवानगी घ्यायलाच हवी ना?

नेहमी नाही. दोन गोष्टी तपासा : पैसा कुणाचा आहे, आणि सर्व्हे सक्तीचा आहे का. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या निधीतून (पूर्ण वा अंशतः) चाललेला सर्व्हे असेल, मुलाला तो भरावाच लागत असेल आणि त्यात आठांपैकी एखादा विषय असेल, तर पालकांची आधी लेखी संमती हवी. पालक गप्प बसले म्हणजे होकार, हे तिथे चालत नाही.

निधी दुसरीकडून आला असेल किंवा सर्व्हे ऐच्छिक असेल, तर डिस्ट्रिक्टने (भागातल्या पब्लिक शाळांचा कारभार पाहणाऱ्या यंत्रणेने) आधी कळवायचं आणि मूल बाहेर काढण्याची, म्हणजे ऑप्ट-आउटची संधी द्यायची, एवढंच बंधन आहे. तुम्ही काही कळवलं नाहीत तर मूल सर्व्हेत धरलं जातं. प्रत्यक्षात बहुतेक मोठे सर्व्हे याच दुसऱ्या गटात येतात. यूथ रिस्क बिहेवियर सर्व्हे हा नववी ते बारावीसाठी १९९१पासून साधारण दर दोन वर्षांनी होतो आणि तो सीडीसीचा (केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेचा) आहे, शिक्षण खात्याचा नाही. मिशिगन विद्यापीठाचा मॉनिटरिंग द फ्यूचर १९७५पासून चालू आहे. त्याला पैसा राष्ट्रीय आरोग्य संशोधन संस्थांकडून येतो. त्यामुळे “तुम्ही आमची सही घेतली नाही” या मुद्द्यावर भांडण्याआधी निधी कुणाचा हे लेखी विचारून घ्या. नाहीतर पहिल्याच पत्रात शाळा तुम्हाला चूक ठरवते आणि पुढचं पत्र कुणी नीट वाचत नाही.

४. आम्हाला काहीच कळवलं नव्हतं, आणि शाळा म्हणते कळवलं होतं. हे कसं?

बहुधा दोघंही खरं बोलत असता. डिस्ट्रिक्टने दर शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला आपलं धोरण आणि सर्व्हेच्या निश्चित किंवा अंदाजे तारखा कळवायच्या असतात. धोरण बदललं तर वाजवी वेळात पुन्हा. ही सूचना ऑगस्टमधल्या ऑनलाइन रजिस्ट्रेशनमध्ये लपलेली असते. हँडबुकची लांबलचक पीडीएफ आणि खाली “वाचलं, मान्य” असा चौकोन. आपण एका रात्रीत वीस चौकोनांवर टिचकी मारतो, त्यातलाच तो एक. हँडबुकमध्ये ‘पीपीआरए’ किंवा ‘सर्व्हे’ असा शब्द शोधा. तारखा सापडल्या तर लगेच कॅलेंडरवर टाका. तारखाच नसतील, अंदाजेसुद्धा नाहीत, तर तो तुमचा पहिला खरा मुद्दा.

५. सर्व्हेतले प्रश्न आधी बघायला मिळतात का?

मिळतात. बाहेरच्या संस्थेने तयार केलेला सर्व्हे मुलांना देण्याआधी पाहण्याचा हक्क पालकाला आहे. संरक्षित विषय असलेला कुठलाही सर्व्हे, तसंच अभ्यासक्रमात वापरलं जाणारं शिक्षण साहित्यही पाहता येतं. परीक्षा आणि चाचण्या मात्र त्यात येत नाहीत.

मागणी ईमेलने करा, तोंडी नको. “पूर्ण प्रश्नावली, उत्तरांच्या पर्यायांसह, मुलांना दाखवल्या जाणाऱ्या सूचनांसह” असे शब्द वापरा. नुसतं “सर्व्हेची माहिती द्या” म्हटलं तर एका पानाचा गुळगुळीत सारांश येतो. प्रश्नावली कॉपीराइटची आहे असं सांगितलं जाऊ शकतं; तशा वेळी ऑफिसमध्ये बसून वाचायला मागा. प्रत मिळणं आणि पाहायला मिळणं यांत फरक आहे, आणि हक्क पाहण्याचा आहे. मिडल स्कूल आणि हायस्कूलसाठी वेगळ्या आवृत्त्या असतात, ऐच्छिक पुरवणी विभागही असतात. तुमच्या मुलाला कोणती आवृत्ती आणि कोणत्या पुरवण्या मिळणार, हे नेमकं विचारा.

सारांशावर विसंबलं की काय होतं, याचं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या पामडेल डिस्ट्रिक्टचं. पहिली, तिसरी आणि पाचवीच्या मुलांना ७९ प्रश्न दिले गेले, त्यांतले १० लैंगिक विषयांवरचे. पालकांना गेलेल्या संमतिपत्रात लहानपणीच्या आघातांचा, हिंसेचा उल्लेख होता. लैंगिक प्रश्नांचा नव्हता. पालक कोर्टात गेले आणि २००५मध्ये नवव्या सर्किट कोर्टात (केंद्रीय अपील कोर्टात) हरले.

६. ऑप्ट-आउटच्या पत्रात काय लिहायचं?

पत्र एका पानाचं, इंग्रजीत आणि कोरडं असावं. त्यात मुलाचं पूर्ण नाव, इयत्ता, होमरूम शिक्षक. सर्व्हेचं नाव आणि तारीख. “पीपीआरएखाली आमच्या मुलाला या सर्व्हेतून वगळावं” हे एक स्पष्ट वाक्य. कोणते प्रश्न कोणत्या संरक्षित विषयात येतात ते. आणि शेवटी “त्या वेळेत मूल कुठे बसेल, कोणाच्या देखरेखीखाली, हे लेखी कळवावं” एवढं असलं की पुरे. कारण देणं बंधनकारक नाही. पत्र प्रिन्सिपल आणि काउन्सेलर दोघांना पाठवा, कारण सर्व्हेच्या दिवशी वर्गात यादी घेऊन येते ती व्यक्ती यांतलीच कुणीतरी असते. दोन दिवस आधी “यादीत नाव आलं का?” असा एका ओळीचा ईमेल टाका. ऑप्ट-आउट फसतो तो बहुधा इथेच : पत्र ऑफिसात पोचतं, वर्गशिक्षकापर्यंत पोचत नाही.

इंटरनेटवर फिरणारं दोन-तीन पानी तयार पत्र वापरू नका, असा आमचा आग्रह आहे. ‘कुठलाही सर्व्हे, कुठलीही चर्चा, कुठलीही रोजनिशी, कुठलंही नाटुकलं आमच्या परवानगीशिवाय नको’ अशी जंत्री १९८०च्या दशकापासून फिरते आहे. कायदा तेवढा रुंद नाही. शाळेला हे माहीत असतं, आणि रास्त मागणीसुद्धा त्या गठ्ठ्यात बुडून जाते.

७. सर्व्हे निनावी आहे, मग हरकत कशाला, असं शाळा विचारते.

निनावी असला म्हणून ऑप्ट-आउटचा हक्क जात नाही. आणि निनावी व गोपनीय यांची गल्लत होते. निनावी म्हणजे उत्तर कुणाचं हे कुणालाच कळू शकत नाही. गोपनीय म्हणजे कळू शकतं, पण सांगणार नाही. मूल शाळेच्या अकाउंटने लॉग-इन करून भरत असेल, तर तो बहुधा दुसरा प्रकार. विचारा : लॉग-इन लागतं का, स्टुडंट आयडी जोडला जातो का, मोकळं लिहायची जागा आहे का आणि ते लिखाण कोण वाचतं.

आपल्या लोकांसाठी आणखी एक अडचण आहे. ज्या शाळेत नववीत भारतीय वंशाच्या दोनच मुली आहेत, तिथे इयत्ता, लिंग, वंश आणि घरची भाषा हे चार रकाने भरले की नावाची गरजच उरत नाही. अहवाल छापताना किती मुलांपेक्षा लहान गटाचे आकडे झाकले जातात, आणि मूळ डेटा कोणाच्या हातात राहतो, हे दोन प्रश्न म्हणून महत्त्वाचे. सर्व्हे ऐच्छिक असेल तर लोकसंख्याविषयक रकाने रिकामे सोडता येतात. मुलाला हे आधी सांगून ठेवा.

८. प्रत्येक सर्व्हेला नाही म्हणायचं का?

आमचं मत : नाही. बुलिंगबद्दल किंवा शाळेतल्या सुरक्षिततेबद्दल विचारणाऱ्या सर्व्हेतून आपली मुलं बाहेर काढली, तर त्यांचा त्रास आकड्यांत दिसतच नाही, आणि मग तक्रार केली की “आमच्या सर्व्हेत तसं काही आलं नाही” हे उत्तर ठरलेलं. दारू-ड्रग्जबद्दल विचारल्याने मुलं तिकडे वळतात ही भीती बरेच पालक बोलून दाखवतात, पण हरकतीचा आधार म्हणून ती कमकुवत आहे. नावासकट, लॉग-इनने भरून घेतलेला, घरच्यांच्या वागण्याबद्दल विचारणारा सर्व्हे मात्र आम्ही दहा वेळा तपासून पाहू.

९. त्या दिवशी मूल वर्गात वेगळं पडेल, मार्क जातील का?

मार्कांचा संबंध नसतो. मूल लायब्ररीत किंवा दुसऱ्या वर्गात बसतं. काही शाळांत तिथेच बसून दुसरं काम करतं. पाचवी-सहावीच्या मुलाला आदल्या रात्री दोन वाक्यांत सांगा : “उद्या एक फॉर्म येईल, तो तुला भरायचा नाही, शाळेला माहीत आहे. कुणी दिलाच तर ‘माझे आईबाबा बोललेत’ म्हण आणि रिकामा परत दे.” घरून काही न सांगता पाठवलेलं मूल बाईंनी फॉर्म ठेवला की मुकाट भरून टाकतं. त्या दिवशी मुलाला गैरहजर ठेवून घरीच बसवण्याचा मार्ग टाळा. राहिलेल्या मुलांसाठी ठेवलेल्या पुरवणी दिवशी सर्व्हे पुन्हा समोर येऊ शकतो.

१०. सर्व्हे नाही, पण शिक्षकांनी निबंध दिला : ‘तुमच्या कुटुंबाच्या श्रद्धा’. इथे पीपीआरए चालतो का?

इथे कायदा पातळ होतो. नेहमीचा अभ्यास, वर्गचर्चा, निबंध यांतून मूल वगळण्याचा हक्क पीपीआरए देत नाही. साहित्य पाहण्याचा हक्क तेवढा देतो. १९७०च्या दशकात ‘व्हॅल्यूज क्लॅरिफिकेशन’ नावाचे वर्गातले उपक्रम जोरात होते, मुलांकडून खासगी मतं काढून घेणारे, आणि पालकांच्या तेव्हाच्या रागात त्यांचाही मोठा वाटा होता. आज तसं काही वर्गपाठ म्हणून आलं तर शिक्षकांशी थेट बोलून पर्यायी विषय मागणं हाच जवळचा रस्ता; बहुतेक शिक्षक देतात.

धार्मिक कारण असेल तर वेगळी वाट आहे. २७ जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महमूद विरुद्ध टेलर खटल्यात, मेरिलँडमधल्या माँटगोमेरी काउंटीच्या पालकांना, खटला चालू असताना, काही विशिष्ट गोष्टींच्या पुस्तकांच्या तासाला मुलांना बाहेर ठेवण्याची मुभा दिली. तो निकाल धर्मस्वातंत्र्यावर उभा आहे, पीपीआरएवर नाही. दोन्ही एकाच पत्रात कालवू नका.

११. राज्यांचे नियम किती वेगळे आहेत?

बरेच. कॅलिफोर्नियात लैंगिकता, कौटुंबिक जीवन, नीतिमत्ता आणि धर्म याविषयी मुलाच्या किंवा पालकांच्या वैयक्तिक श्रद्धा-आचारांबद्दल विचारायला लेखी परवानगी लागते. पण सातवी ते बारावीत आरोग्यविषयक वर्तनाचे निनावी, ऐच्छिक सर्व्हे पालकांना कळवून ऑप्ट-आउट देऊन घेता येतात. म्हणून तिथल्या शाळांतल्या हेल्दी किड्स सर्व्हेला पाचवीत सही लागते आणि नववीत लागत नाही, याचं कोडं पडायला नको. युटा सर्वांत कडक राज्यांपैकी एक : किंडरगार्टनपासून बारावीपर्यंत आधी लेखी संमती. फ्लोरिडात २०२२च्या कायद्यानुसार किंडरगार्टन ते तिसरीच्या मुलांना वेल-बीइंग प्रश्नावली देण्याआधी ती पालकांना दाखवून परवानगी घ्यावी लागते. राज्याचा नियम केंद्रीय कायद्यापेक्षा कडक असेल तर शाळेला तो पाळावाच लागतो, म्हणून पत्रात आधी राज्याचं कलम, मग पीपीआरए.

१२. मुलाने सर्व्हे भरून टाकला आहे. आता काय?

खरोखर निनावी असेल तर उत्तरं मागे घेता येत नाहीत. ती कुणाची हे शोधण्याचा मार्गच नसतो. पुढच्या फेरीसाठी पत्र देऊन ठेवा. नावासकट भरला असेल आणि शाळेने जपून ठेवला असेल, तर तो फर्पा या विद्यार्थ्यांच्या नोंदींविषयीच्या केंद्रीय कायद्याखाली शैक्षणिक नोंद ठरू शकतो. तो पाहण्याची मागणी केल्यापासून शाळेने जास्तीत जास्त ४५ दिवसांत दाखवायला हवा.

नावासकटच्या सर्व्हेत मुलाने “घरी मारतात” किंवा “जगावंसं वाटत नाही” असं लिहिलं, तर शाळेचा फोन येऊ शकतो. बालशोषणाचा संशय आला तर कळवणं शिक्षकांवर सगळ्या राज्यांत कायद्याने बंधनकारक आहे. अशा वेळी “सर्व्हेच बेकायदा होता” हा वाद बाजूला ठेवा. आधी मुलाशी बोला; सर्व्हेबद्दलचं पत्र नंतर लिहिता येतं.

१३. काउन्सेलरचं डिप्रेशन स्क्रीनिंग आणि आयईपीची चाचणी हेही सर्व्हेच का?

आयईपीसाठी (विशेष गरजा असलेल्या मुलाच्या वैयक्तिक शिक्षण योजनेसाठी), म्हणजे आयडिया या विशेष शिक्षणाच्या कायद्याखाली होणाऱ्या तपासणीला पीपीआरएचे ऑप्ट-आउटचे नियम लागू नाहीत. तिथे पहिल्या मूल्यांकनासाठी तुमची वेगळी संमती लागतेच. सगळ्या वर्गाला दिलेलं भावनिक स्क्रीनिंग मात्र मानसिक अडचणी या दुसऱ्या विषयात येऊ शकतं, मग त्याला स्क्रीनिंग म्हणा की सर्व्हे. डोळे, कान आणि पाठीच्या कण्याची तपासणी या कायद्याच्या ऑप्ट-आउटमधून वगळलेली आहे.

१४. होम लँग्वेज सर्व्हे आणि लंचचा उत्पन्नाचा फॉर्म?

हे मूल्यांचे सर्व्हे नाहीत. घरची भाषा विचारतात ती इंग्रजीची मदत लागणारी मुलं ओळखण्यासाठी. ‘मराठी’ लिहिलं तर इंग्रजीची छाननी चाचणी होऊ शकते. ती टाळण्यासाठी खोटं ‘इंग्रजी’ लिहू नका. पुढे मदतीचा वर्ग नको असेल तर तो नाकारता येतो. उत्पन्नाचा फॉर्म आठव्या विषयातल्या अपवादात बसतो.

१५. एच-वन-बीवर आहोत. हरकत घेतली तर व्हिसाला काही होईल का? आजीने सही केली तर चालते?

पीपीआरएमधले हक्क नागरिकत्वावर अवलंबून नाहीत, आणि सर्व्हे नाकारणं ही इमिग्रेशनशी संबंध नसलेली शाळेतली बाब आहे. आई-वडील भारतात असतील आणि मूल आजी-आजोबांकडे राहत असेल, तर पालकाच्या जागी मुलाचा सांभाळ करणाऱ्या व्यक्तीलाही कायदा पालक मानतो. सहा महिन्यांसाठी पाहुणी आलेली आजी त्यात बसत नाही.

१६. मुलगा १८चा झाला. आता?

हक्क त्याच्याकडे गेले. सर्व्हे भरायचा की नाही हे तोच ठरवणार. सीनियर इयरमध्ये बऱ्याच मुलांचा हा वाढदिवस अधेमधे येतो, तेव्हा सप्टेंबरचं पत्र वसंतातल्या सर्व्हेला पुरेलच असं नाही.

१७. खासगी शाळेत हे लागू आहे का?

शिक्षण खात्याचा निधी न घेणाऱ्या खासगी शाळेला नाही. तिथे प्रवेशाच्या वेळी सही केलेला करार वाचा. चार्टर स्कूल मात्र पब्लिकच असते.

१८. शाळा ऐकत नाही. कोर्टात जाता येतं?

पीपीआरएच्या नावाने थेट खटला भरण्याचा मार्ग कोर्टांनी जवळजवळ बंद केला आहे. घटनात्मक हक्काच्या आधाराने लढलेल्यांचा अनुभव संमिश्र आहे. पेनसिल्व्हेनियातल्या नॉरिस्टाउनमध्ये आठवीच्या मुलांना ड्रग्जच्या धोक्यासाठी हेरायचं म्हणून घरच्या जिव्हाळ्याबद्दल विचारणारी प्रश्नावली निघाली, तेव्हा १९७३मध्ये फेडरल कोर्टाने ती थांबवली. उलट न्यू जर्सीतल्या रिजवुडमध्ये १९९९च्या १५६ प्रश्नांच्या सर्व्हेवर पालक सहा वर्षं लढले आणि २००५मध्ये तिसऱ्या सर्किटमध्ये हरले. दरम्यान त्या राज्याच्या विधिमंडळाने २००२मध्ये लेखी संमतीचा कायदा केला होता. कोर्टापेक्षा स्कूल बोर्ड आणि स्टेट हाउसमध्ये (राज्याच्या विधिमंडळात) जास्त काम झालं आहे, हे यातून दिसतं.

प्रशासकीय तक्रार वॉशिंग्टनमधल्या शिक्षण खात्याच्या स्टुडंट प्रायव्हसी पॉलिसी ऑफिसकडे करता येते. ती फक्त थेट बाधित विद्यार्थी किंवा त्याचे पालक करू शकतात. शेजाऱ्याच्या मुलासाठी किंवा मंडळाच्या लेटरहेडवर नाही. तक्रारीत नेमक्या घटना लागतात आणि आधी स्थानिक पातळीवर, तसंच राज्यात तशी व्यवस्था असल्यास राज्य पातळीवर प्रयत्न केल्याचा पुरावा लागतो : कोणत्या अधिकाऱ्यांशी बोललात त्यांची नावं, आणि तारखा. म्हणून क्रम असा ठेवा : शिक्षक, प्रिन्सिपल, डिस्ट्रिक्ट ऑफिस, बोर्डाच्या सभेतला पब्लिक कमेंट. प्रिन्सिपलशी फोनवर बोललात तर त्याच संध्याकाळी “आज आपलं असं बोलणं झालं” असा ईमेल पाठवा.